निळ्या झग्यातली दोघं

पहिल्याच दिवशी, पाण्याच्या टाकीमागे, मला मीच भेटले.

म्हणजे... झगा माझाच होता. तोच निळा, गळ्याशी पांढरी कॉलर, कमरेला रुंद पट्टा. तीच गवती हॅट, आणि हॅटखालून पाठीवर सोडलेल्या त्याच पिवळ्या बटा. फक्त ही दुसरी मी टाकीच्या खांबाला आरसा टांगून, पाय फाकवून उभी होती आणि खुशाल शीळ घालत होती.

"अहो बाई," मी म्हटलं, "तो झगा माझा आहे—"

बाई वळल्या. अर्ध्या गालावर साबणाचा फेस, हातात वस्तरा.

मी किंचाळले नाही, एवढंच.

"घाबरू नका," तो माणूस म्हणाला. आवाज भरदार, डोळे हसरे. "मी म्हणजे तुम्हीच. फक्त धोक्याच्या वेळची."

"आणि बाकीच्या वेळी?"

"बाकीच्या वेळी लायल मॅकेब." त्याने अदबीने हॅट काढली, तर हॅटबरोबर बटाही निघून आल्या. खाली वाळूच्या रंगाचे, घामाने चिकटलेले केस होते. "आणि तुम्ही मिस हॅटी ब्लॉजेट. मिझुरीहून आलात. घोड्यावर छान बसता, तार पाठवता येते, आणि कॉफीत साखर घालायला लागलात की हात थांबत नाही."

"हे कोणी सांगितलं?"

"ओडमबाईंनी. माझी मापं घेताना त्या तुमच्याबद्दल बोलतात. तुमची घेताना माझ्याबद्दल बोलतील. जरा जपून असा."

मला विचारायचं नव्हतं, पण राहवलं नाही. "हा पट्टा... तुम्हाला बसतो कसा?"

"मी श्वास घेत नाही," तो गंभीरपणे म्हणाला, आणि आरशाकडे वळून उरलेली दाढी करायला लागला. मान मात्र लाल झाली होती. मी पाहिलं ते.

ते एकोणीसशे पंधरा साल. लॉस एंजेलिसच्या अलीकडे, ग्लेंडेलजवळ, संत्र्याच्या बागांमधून जाणारा आगगाडीचा एक जुना फाटा आमच्या मूकपट कंपनीने घेतला होता. तिथे आम्ही दर आठवड्याला मालिकेचा एक भाग काढत असू. प्रत्येक भागात मी स्टेशनमास्तरची मुलगी. प्रत्येक भागात कुणीतरी दुष्ट मनुष्य रूळ उखडे किंवा पूल जाळायला निघे, आणि मी धावत्या गाडीवर झेप घेऊन सगळ्यांना वाचवी. आमचे दिग्दर्शक डन्लॅपसाहेब भोंग्यातून ओरडत, "हॅटी, धाव!" मी पुलापर्यंत धावे. मग ओरडत, "हॅटी, बस! लायल, मार उडी!" लायल उडी मारे. मग मी शिडी लावून, सावकाश, उभ्या गाडीच्या छतावर चढे आणि छाती धपापल्यासारखी करे.

पडद्यावर सगळं जोडून आलं की ती एकच मुलगी दिसायची. वाघीण!

लायलशी माझं 'अहो-जाहो' आठवडाभरही टिकलं नाही. "एकाच झग्यात वावरणाऱ्यांनी एवढा मान कशाला द्यायचा?" असं त्यानेच ठरवून टाकलं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही मिरीच्या झाडाखाली बसायचो, वाटाण्याएवढी गुलाबी फळं कॉफीत पडायची, आणि तो माझ्या चालण्याची नक्कल करून दाखवायचा.

"मी अशी चालते?"

"अशीच. हनुवटी वर, जणू सगळ्या जगाने आत्ताच तुझा काहीतरी अपमान केलाय."

"आणि तू माझ्यासारखा पळतोस का? म्हशीसारखा पळतोस!"

"म्हैस काय? झगा वर धरून बघ पळून एकदा. तुम्ही बायका हे रोज करता कसं, देव जाणे."

मला हसू आवरायचं नाही. तो मात्र हसता हसता माझ्याकडे बघत राहायचा... आणि मी बघितलं की लगेच घोड्याचा खरारा कुठे ठेवलाय ते शोधायला लागायचा.

एका शनिवारी दुपारी आम्ही दोघं गावातल्या थेटरात आमचाच भाग पाहायला गेलो. पियानोवाली धडाधडा वाजवत होती. पडद्यावर मी पुलाकडे धावले... आणि मग मी... नव्हे, लायलने खाली झेप घेतली. सगळं थेटर उभं राहिलं. माझ्या शेजारची पोक्त बाई हातातला रुमाल पिळत होती.

अंधारात मी हळूच त्याच्याकडे पाहिलं. तो पडद्याकडे बघत नव्हता. लोकांकडे बघत होता, आणि खूश होता.

बाहेर पडताना तिकिटाच्या खिडकीतल्या मुलीने मला ओळखलं. माझ्याच वयाची असेल. खिडकीतून हात बाहेर काढून तिने माझी बोटं घट्ट धरली.

"मिस ब्लॉजेट, तुम्ही खरंच मारता ती उडी? माझा भाऊ म्हणतो, बायकांना ते जमणारच नाही. आमची रोज भांडणं होतात!"

लायलने मागून शांतपणे सांगितलं, "खरंच मारतात. मी समोर असतो. भावाला सांगा, पैज हरलास."

संबंध रस्ता मी त्याच्या चार पावलं पुढे चालत होते. युकॅलिप्टसच्या झाडांची सावली लांब झाली होती. शेवटी तोच म्हणाला, "रागावलीस?"

"का सांगितलंस तसं?"

"ते माझं कामच आहे, हॅटी. उडी मी मारायची आणि ती तू मारलीस असं दिसायचं."

"मला दिसायला नको आहे." मी थांबले. "मला मारायची आहे. मला शिकव."

तो माझ्याकडे वळला. वाऱ्याने त्याची टोपी उडाली तरी हलला नाही.

"उद्या सकाळी," तो म्हणाला, "गवताच्या गाडीपाशी ये. आणि कमरेचा पट्टा नको घालूस, श्वास घ्यावा लागेल तुला."

सुरुवात गवताच्या गाडीवरून झाली. मग उभ्या मालडब्याच्या छतावरून. मग हळूहळू सरकणाऱ्या डब्याच्या छतावर वरून टाकलेली उडी. तो शिकवताना अजिबात थट्टा करायचा नाही. मला ते नवीनच होतं.

"गाडी पाय पुढे ओढते आणि अंग मागे राहतं. माणूस पडतो तो मागे. म्हणून अंग आधीच पुढे टाकायचं. गुडघे मऊ. छताच्या मधोमध चालायची फळी असते, त्या मधल्या फळीवर बघ, खाली जमिनीकडे नको. आणि उभी राहायची घाई करू नकोस. मांजरीसारखी पड."

मी पडले. मांजरीसारखी नाही, बटाट्याच्या पोत्यासारखी. कोपर सोलवटलं. तो माझं मनगट धरून जखमेवर पाणी ओतत होता, आणि पाणी संपलं तरी त्याने मनगट सोडलं नाही.

"संपलं पाणी," मी म्हटलं.

"हो का..." तो म्हणाला. मग जरा वेळाने सोडलं.

ओडमबाई, म्हणजे आमचे कपडे सांभाळणाऱ्या, माझ्या झग्याच्या फाटलेल्या कोपराला ठिगळ लावताना सुईवरची नजर न काढता म्हणाल्या, "शीक गं बाई, शीक. तू पुरती शिकलीस की मलाही बरं. एकच झगा शिवायचा."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? तू स्वतः उड्या मारायला लागलीस की त्या पोराला डन्लॅप कशाला ठेवेल? नुसती शीळ घालायला?"

सुई चालत होती. इतके दिवस मला एवढं साधं कळलं नव्हतं... आणि त्याला पहिल्या सकाळपासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी पाऊस आला. आमच्याकडे फेब्रुवारीत येतो तसा, बारीक, न बोलता, डोंगरांवरून उतरणारा. काम थांबलं. सगळे कंपनीच्या तंबूकडे पळाले आणि आम्ही दोघं फाट्यावरच्या रिकाम्या मालडब्यात शिरलो. आत ओल्या लाकडाचा आणि गेल्या हंगामातल्या संत्र्यांचा वास होता. दाराशी पाय सोडून बसलो. दोघांच्याही अंगात निळा झगा, दोघांच्याही झालरी चिखलाने भरलेल्या.

"मी नाही शिकणार पुढे," मी म्हटलं.

"ओडमबाई बोलल्या वाटतं."

"तू का नाही बोललास?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस."

"मग?"

"मग काय? तुझ्या मनात ती उडी तशीच राहिली असती आणि माझ्याकडे बघताना दर वेळी ती दिसली असती. मला नको ते." त्याने दाराबाहेर हात धरला, तळव्यावर पाऊस झेलला. "माझं मी बघीन, हॅटी. हे काम लागायच्या आधीही मी जेवत होतोच."

तो वर डोंगरात, बर्फाच्या भागात, मालगाडीवर ब्रेक आवळायचं काम करायचा, हे त्याने त्या दिवशी सांगितलं. धावत्या गाडीच्या छतांवरून पळत जायचं, प्रत्येक डब्याचं चाक फिरवून ब्रेक लावायचा. एका हिवाळ्यात त्याच्या पुढे पळणारा सोबती गोठलेल्या फळीवरून घसरला. वाचला, पण पाय गेला. वसंत येताच लायल खाली उन्हात उतरून आला.

"मग तुला उड्यांची भीती नाही वाटत?"

"माझ्या उड्यांची नाही."

मी त्याच्याकडे पाहिलं. ओठांवरची लाली पावसाने ओघळली होती. इतका विचित्र दिसत होता तो, आणि इतका जवळचा...

"मग कुणाच्या?"

"पाऊस थांबला वाटतं," तो म्हणाला.

"थांबलाय कुठे?"

"नाही ना?" त्याने पायावरचा झगा सारखा केला. "मग बसू अजून."

आम्ही बसलो. मधे वीतभर जागा होती, आणि ती दोघांनीही कमी केली नाही. तरी त्या वीतभर जागेतही ऊब लागत होती.

पण लपून कधी काय राहिलंय? आमचा सकाळचा सराव डन्लॅपसाहेबांनी टेकडीवरून पाहिला. त्यांनी भोंगाही लावला नाही, चालत जवळ आले.

"पोरी, पुढच्या भागातली पुलावरची उडी तू मार. कॅमेरा पार जवळ लावतो. लोकांना तुझा चेहरा दिसू दे. लायल, तू..." ते जरा अडखळले. "तू हा भाग संपेपर्यंत आहेसच."

"आहे की," लायल म्हणाला आणि घोड्याला पाणी दाखवायला घेऊन गेला.

उडीच्या दिवशी ऊन लख्ख होतं. फाट्यावरून एक लाकडी पूल जात होता. खालून गाडी यायची, वरून मी. पुलाच्या कठड्याबाहेर पाय टेकवून मी उभी राहिले. खाली रूळ चकाकत होते. संत्री मोहरली होती, आणि तो गोड वास वर पुलापर्यंत येत होता.

लायल वर आला. त्याने झगा घातला होता. बटा, हॅट, सगळं.

"तू कशाला नटलास?"

"वेळ पडली तर. मी पुलाच्या टोकाशी घोड्यावर आहे. नको वाटलं तर नुसता हॅटला हात लाव. मी येतो आणि तू खाली जाऊन कॉफी पी. कुणी हसणार नाही."

"तू हसशील."

"मी तर नाहीच." त्याने माझ्या कानाशी सुटलेली बट आत खोचली. बोटं गार होती. "अंग पुढे, हॅटी."

शिट्टी झाली. इंजिन पुलाखाली शिरलं आणि पांढऱ्या धुरात सगळं जग नाहीसं झालं. पायाखालची लाकडं दणाणत होती. मग धूर विरला... आणि माझ्या पायाखालून एकामागून एक तपकिरी छतं धावत बाहेर पडायला लागली. मधली फळी. फक्त मधली फळी. हॅटला हात लावायचा विचार मनात आला, नाही असं नाही. पण हात कठड्यावरून सुटला तो हॅटकडे गेला नाही.

मी अंग पुढे टाकलं.

गुडघे आदळले, तळवे आदळले, छत माझ्याखालून पुढे सरकलं. मी घसरले, झग्याची झालर ब्रेकच्या चाकात अडकून टरकन फाटली, आणि मी फळी धरली. धरली! वारा तोंडावर येत होता. संत्र्याच्या बागा दोन्हीकडून पळत होत्या. मी उभी राहिले, पाय फाकवून, आणि मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते मलाही आठवत नाही.

आणि तेवढ्यात मला घोड्याच्या टापा ऐकू आल्या.

बाजूच्या पायवाटेने निळा झगा उडवत, हॅट मागे लोंबकळत, एका बाजूला घसरलेल्या पिवळ्या बटांसकट लायल मॅकेब चौखूर येत होता. थेट कॅमेऱ्याच्या तोंडासमोरून.

"हॅटी! धर! धरून ठेव! आलो मी—"

डन्लॅपसाहेबांचा आवाज भोंग्याशिवायही फर्लांगभर गेला. "दोन! एका वेळी दोन नायिका! अरे गाढवा, प्रेक्षकांना काय सांगू मी, हिची जुळी बहीण?"

गाडी थांबली. मी शिडीवरून उतरले, तरातरा त्याच्यासमोर गेले. तो घोड्यावरून उतरला होता आणि चेहरा पांढराफटक होता.

"वाया गेली," मी म्हटलं. "माझी उडी. चांगली पडली होती, लायल!"

"तू घसरलीस... झगा अडकला. मला वाटलं—"

"मी घसरले आणि मी धरलं! तूच शिकवलंस ना? मग तुझा स्वतःच्या शिकवण्यावर विश्वास नाही की माझ्यावर?"

त्याने बटा काढून हातात घेतल्या. एवढा मोठा माणूस, धुळकट झगा, हातात केस... मला हसू येत होतं आणि रडूही.

"तुझ्यावर आहे," तो शेवटी म्हणाला. "माझ्यावर नाही. तू वरून सुटलीस आणि मला काही सुचेनासं झालं. मी घोडा कधी काढला, तेसुद्धा ठाऊक नाही मला."

आजूबाजूला सगळे होते. इंजिनवाला डोकं बाहेर काढून बघत होता. ओडमबाई सुईदोरा घेऊन धावत येत होत्या. मी हळू आवाजात म्हटलं, "आता मला पुन्हा उडी मारायची आहे. आणि तू येणार नाहीस. कॅमेऱ्याशेजारी उभं राहायचं. डोळे मिटायचे नाहीत. जमेल?"

"ते उडीपेक्षा कठीण आहे."

"माहीत आहे."

त्याने मान डोलावली. ओडमबाईंनी उभ्या उभ्याच माझी झालर शिवली. लायलने झगा उतरवला, आपला जुना सदरा चढवला आणि कॅमेऱ्याशेजारी, दोन्ही हात खिशात खुपसून उभा राहिला.

गाडी मागे गेली. शिट्टी झाली. धूर आला, धूर गेला.

या वेळी मी घसरले नाही. फळीवर मांजरीसारखी पडले, उठले आणि छतांवरून पळत सुटले. कॅमेऱ्यासमोरून जाताना मला तो दिसला. जागचा हलला नव्हता. डोळे सताड उघडे होते, आणि त्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तो पुसतही नव्हता.

ऊन कलल्यावर सगळे सामान आवरत होते. डन्लॅपसाहेब खुशीत होते. त्यांनी लायलला सांगितलं, "राहा. तिच्या उड्या तूच बसव. तुझ्याइतकं कुणाला कळतं त्यातलं?" लायलने नको म्हटलं. मी पुलाच्या पायऱ्यांवर बसून ते ऐकलं. तो माझ्याकडे आला तशी मी विचारलं,

"का नको?"

"आज एकदा बघितलं, हॅटी. दर आठवड्याला नाही बघवणार." तो एक पायरी खाली बसला. "पलीकडच्या मोठ्या मार्गावर मालगाडीला माणूस हवाय. सोमवारी बोलावलंय. इथं बर्फ नाही पडत."

"म्हणजे परत छतांवरून पळणार?"

"येतं ते काम मला."

"वा!" मी उसळलेच. "म्हणजे माझी उडी तुला बघवत नाही, आणि तू मात्र रोज धावत्या गाडीवर ब्रेक आवळत फिरणार, आणि मी घरी बसून जीव मुठीत धरायचा होय?"

त्याने हळूच मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"घरी?"

मी जीभ चावली.

"घरी म्हणालीस तू आत्ता. कुणाच्या घरी?"

"तसं काही... ओघात म्हटलं मी."

"ओघात." त्याचे डोळे हसायला लागले, पण आवाज हसत नव्हता. "हॅटी, मला सरळ बोलायला येत नाही. बाईच्या वेशात तर मुळीच आलं नसतं, म्हणून सदरा घातला. माझं तुझ्यावर... पहिल्या दिवशी तू 'माझा झगा' म्हणून भांडायला आलीस ना, तेव्हापासून—"

"सांगायला एवढा उशीर?" मी म्हटलं. "मला वाटलं, तू कधी बोलणारच नाहीस."

त्याने माझा हात हातात घेतला. तळव्यावर छताच्या खरखरीत लाकडाचे ओरखडे होते. त्यावरून त्याने अंगठा फिरवला, फार सांभाळून.

"तू उड्या सोडू नकोस," तो म्हणाला.

"नाहीच सोडणार. आणि तूही मला भीती वाटते म्हणून जमिनीवर उतरू नकोस."

"मग दोघांनीही घाबरत राहायचं?"

"सगळीच माणसं राहतात. आपण निदान एकत्र राहू."

बागांवरून वारा आला. खाली इंजिनवाला आग विझवत होता, निखाऱ्यांवर पाणी पडून चर्र आवाज झाला आणि वाफेचा एक मोठा पांढरा ढग आमच्यावरून निघून गेला. वाफ विरेपर्यंत त्याने माझं चुंबन घेतलं होतं. की मी त्याचं... त्यावर आमचं अजून एकमत नाही.

"घर कुठे बघू?" त्याने विचारलं.

"रुळापासून लांब. रात्रभर खडखडाट नको मला."

"लांब म्हणजे किती लांब?"

मी जरा विचार केला.

"तुझ्या गाडीची शिट्टी ऐकू येईल," मी म्हटलं, "इतकंच लांब."